मॅन्युअल गिअरच्या गाडीचा ड्रॅग स्ट्रिपवरील लॉन्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे थांबलेल्या गाड्यांनी सरळ रेषेत शर्यत लावायची पट्टी, आणि लॉन्च म्हणजे तिच्या सुरुवातीच्या रेषेवरून गाडी काढणे. पहिल्यांदा स्ट्रिपवर उतरणारे आणि दोन-तीन हंगाम काढूनही वेळ खाली येत नाही म्हणून वैतागलेले, असे दोघेही खालील प्रश्न सारख्याच आस्थेने विचारतात. उत्तरे रोजच्या वापरातील, पायाने क्लच दाबायच्या गाड्यांना धरून लिहिली आहेत. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, आपोआप घसरणारा क्लच असलेल्या गाड्यांचा येथे विचार केलेला नाही.

चांगला लॉन्च झाला की नाही, हे कशावरून ओळखावे?

टाइमस्लिपवरील, म्हणजे फेरीनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवरील, ६० फुटांच्या आकड्यावरून. टायरच्या आवाजावरून किंवा पाठ सीटला किती चिकटली यावरून नव्हे. पाव मैलाची स्ट्रिप १,३२० फुटांची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची असते आणि वाटेत ६०, ३३०, ६६० व १,००० फुटांवर वेळ नोंदवली जाते. त्यांपैकी पहिला आकडा, म्हणजे सुरुवातीच्या १८ मीटरला लागलेला वेळ, जवळजवळ पूर्णपणे तुमच्या डाव्या पायाची कमाई असतो. येथे वाचवलेला एक दशांश सेकंद अंतिम रेषेपर्यंत साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, कारण गाडी पुढचा प्रत्येक टप्पा थोड्या अधिक वेगाने गाठत जाते.

अंतिम रेषेवरील वेग मात्र वेगळी गोष्ट सांगतो. तो प्रामुख्याने इंजिनची ताकद आणि गाडीचे वजन दाखवतो; लॉन्च फसला तरी तो फारसा बदलत नाही. म्हणूनच दोन फेऱ्यांत शेवटचा वेग सारखा आणि एकूण वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक दिसला, तर बॉनेट उघडण्याचे कारण नाही. दोष सुरुवातीच्या दीड-दोन सेकंदांत आहे.

घड्याळ नेमके केव्हा सुरू होते?

हिरवा दिवा लागल्यावर नव्हे, तर तुमचे पुढचे चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडते तेव्हा. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत दोन प्रकाशकिरण असतात. पहिला प्री-स्टेजचा आणि त्याच्या सुमारे ७ इंच पुढे स्टेजचा. चाकाने दुसरा किरण अडवला की तुम्ही तयार मानले जाता, आणि चाक पुढे सरकून तो किरण पुन्हा मोकळा झाला की एकूण वेळेचे घड्याळ चालू होते. मधल्या सरकण्याला रोलआउट म्हणतात. उथळ स्टेजिंगमध्ये, म्हणजे स्टेजचा दिवा जेमतेम लागताच थांबल्यास, हे अंतर सुमारे एक फूट मिळते.

एक फूट म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण थांबलेल्या गाडीला ते पार करायला बराच वेळ लागतो. गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने निघाली असे धरले, तर पहिल्या ३० सेंटिमीटरना सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती ताशी ६ किलोमीटरपर्यंत पोहोचलेली असते. हा तृतीयांश सेकंद तुमच्या एकूण वेळेत धरलाच जात नाही. चांगली वेळ हवी असेल तर उथळ स्टेजिंग करावे. दिव्यावर समोरच्याला हरवायचे असेल तर थोडे आत सरकण्याचा मोह होतो, पण तेव्हा हा फुकटचा धावता प्रारंभ हातचा जातो.

रेषेकडे येताना पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकत राहू नये. क्लच दाबून गाडी घरंगळू द्यावी आणि ब्रेकने थांबवावी. लॉन्चच्या आधीच क्लच तापवून ठेवणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे.

हिरवा दिवा दिसताच निघावे का?

हिरवा दिसल्यावर निघालात तर उशीर झाला. नेहमीच्या शर्यतींत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. डोळ्याने पाहून पाय हलायला सुमारे एक पंचमांश सेकंद जातो, आणि वर सांगितलेल्या रोलआउटला आणखी एक तृतीयांश. दोन्हींची बेरीज अर्ध्या सेकंदाच्या थोडी पुढे जाते. म्हणून शेवटचा पिवळा पेटताच निघावे. चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत हिरवा लागलेला असतो. प्रो पद्धतीत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा येतो. तेथे पिवळा दिसताच पाय हलला नाही तर गेलेली वेळ भरून निघत नाही.

प्रतिसादाचा वेळ आणि धावेचा वेळ हे दोन वेगळे हिशेब आहेत. दिव्यावर दोन सेकंद झोपून राहिलात तरी तुमची पाव मैलाची वेळ बिघडत नाही. शर्यत मात्र हराल. लॉन्च शिकत असताना दिव्याकडे दुर्लक्ष करावे, असा माझा सल्ला असतो. हिरवा लागू द्यावा, श्वास घ्यावा आणि मग फक्त पायाकडे लक्ष देऊन निघावे. मागे रांग असते, म्हणून अर्थात फार वेळ लावू नये.

किती आरपीएमवर निघावे?

आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे. हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे एका आकड्यात उत्तर देणारा माणूस तुमची गाडी ओळखत नसतो. तरीही हा आकडा कशावर अवलंबून आहे, हे समजून घेतल्यास तो आपला आपण काढता येतो.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या गिअरचे आणि फायनल ड्राइव्हचे गुणोत्तर मिळून १४ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे १४ फेरे होतात, आणि टायर २०५/५५ आर १६ मापाचा, म्हणजे जवळजवळ दोन मीटर परिघाचा आहे. क्लच पूर्ण जुळलेला असताना ३,००० आरपीएमवर ही गाडी ताशी सुमारे २५ किलोमीटरने धावते. आता रेषेवर गाडी शून्यावर आहे आणि इंजिन ३,००० वर. इंजिनला हवा असलेला २५ चा वेग आणि गाडीचा शून्य वेग यांतील तफावत कोठेतरी भरून निघालीच पाहिजे, आणि त्यासाठी तीनच जागा आहेत. क्लच घसरेल, नाहीतर टायर घसरेल, नाहीतर इंजिनचा वेग खाली कोसळेल. चौथी वाट नाही. टायर घसरला की त्याला आपण चाके जागीच फिरणे म्हणतो. इंजिन कोसळले की त्याने मान टाकली म्हणतो. आणि क्लच योग्य तेवढा घसरला की त्यालाच चांगला लॉन्च म्हणतात. पुढील सर्व उत्तरे या एका हिशेबातून निघतात.

सुरुवातीचा आकडा निवडताना टायरची पकड आणि इंजिनचा स्वभाव यांचा विचार करावा. साध्या टायरवरील पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला २,५०० ते ३,५०० दरम्यान, मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीला त्याच्याच आसपास किंवा किंचित वर, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला ४,५०० च्या पुढे प्रयोग सुरू करता येतो. खालच्या आरपीएमवर भरपूर टॉर्क देणारे मोठे इंजिन याहून कमी मागते. वरच्या आरपीएमवर जिवंत होणारे छोटे इंजिन जास्त मागते. खालून सुरुवात करावी आणि दर फेरीला २५० ने वर जावे. वरून खाली येण्याचा मार्ग अधिक मजेदार आहे, पण त्यात क्लचप्लेट खर्ची पडते.

निवडलेला आकडा स्थिर धरता येणे हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. काटा २,६०० आणि ३,४०० मध्ये झोके घेत असेल आणि दिवा लागताना तो नेमका खाली असेल, तर तुम्ही ३,००० वर निघालातच नाही. टाच जमिनीवर घट्ट टेकवून, पंजाच्या कडेने एक्सलरेटर धरल्यास काटा बराच शांत राहतो. जाड तळव्याचे बूट या कामाला निरुपयोगी आहेत.

क्लच एकदम सोडावा की हळूहळू?

साध्या टायरवर एकदम सोडणे जवळजवळ नेहमीच चुकीचे असते, कारण तसे करताना वरच्या तीन वाटांपैकी क्लचची वाट तुम्ही स्वतःच बंद करता. मग उरतात टायर आणि इंजिन. पाय बाजूला सरकवून पेडल उसळू देण्याची पद्धत मऊ, चिकट ड्रॅग टायर, मजबूत एक्सल आणि त्यासाठीच तयार केलेला क्लच असलेल्या गाडीत शोभते. इतरांनी तिची नक्कल करू नये.

दुसरे टोकही वाईटच. चढावर गाडी काढताना करतो तसा दोन-तीन सेकंद हाफ क्लच धरला तर गाडी आरामात निघते आणि ६० फुटांचा आकडा लाजिरवाणा येतो.

हवी असलेली हालचाल या दोहोंच्या मध्ये, तीन भागांत असते. पेडल तळाशी असताना वर येण्याच्या पहिल्या टप्प्यात काहीच घडत नाही. ही मोकळी जागा दिवा लागण्यापूर्वीच संपवून, क्लच पकडू लागण्याच्या अगदी अलीकडे पाय आणून ठेवावा. तेथे पोहोचल्याची खूण म्हणजे इंजिनचा आवाज केसभर जड होतो आणि गाडीचे नाक किंचित ताणले जाते, पण चाक हलत नाही. तेथून थोडे मागे यावे. दुसरा भाग निघण्याचा. पकडीच्या जागेतून पाय झटकन, सुमारे एक-दोन सेंटिमीटर वर आणावा, जेणेकरून गाडी उचल घेईल. आणि तेथे थांबावे. हे थांबणेच शिकायचे असते. तिसऱ्या भागात, गाडीचा वेग इंजिनच्या वेगाजवळ येत जाईल तसतसा उरलेला क्लच सोडावा आणि त्याच वेळी उजवा पाय खाली जावा. दोन पायांचे काम तराजूच्या पारड्यांसारखे एकमेकांना धरून चालते.

वरच्या उदाहरणातील गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने निघाल्यास ताशी २५ किलोमीटर गाठायला तिला जवळजवळ दीड सेकंद आणि पाच मीटर लागतात. टायर थोडा घसरतोच, इंजिनही थोडे उतरते, म्हणून प्रत्यक्षात क्लच एक-सव्वा सेकंद घसरत असतो. बहुतेक नवखे चालक अर्ध्या सेकंदात पाय काढून घेतात आणि पुढचे सारे टायरवर ढकलतात. एका फेरीत मनातल्या मनात ‘एक हजार एक’ म्हणेपर्यंत क्लच पूर्ण न सोडण्याचा प्रयोग करून पाहावा. फरक त्याच टाइमस्लिपवर दिसतो.

काही गाड्यांच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये तेलाचा परतीचा वेग रोखणारी एक छोटी झडप असते, जेणेकरून रोजच्या चालवण्यात धक्के बसू नयेत. अशा गाडीत पाय झटक्यात वर आला तरी क्लच आपल्या गतीनेच पकडतो आणि पायाला खोटा अंदाज येत राहतो. पाय आणि गाडी यांचा मेळ कधीच बसत नसेल, तर हे कारण तपासून पाहावे.

चाके जागीच फिरू लागली तर काय करावे?

थोडी फिरली तर काहीच करू नये. टायरची सर्वाधिक पकड तो अजिबात घसरत नसताना मिळत नाही. साधा टायर गाडीच्या वेगापेक्षा १० ते २० टक्के जलद फिरत असतो तेव्हा तो सर्वांत जोराने ढकलतो. तेव्हाचा आवाज किंचाळीचा नसून खर्जातल्या गुरगुरण्याचा असतो. किंचाळी ऐकू आली की पकड संपली आणि आता रबर फक्त तापत आहे.

अशा वेळी एक्सलरेटर पूर्ण सोडू नये. तो एकदम सोडला की गाडीचे वजन पुढे कोसळते, मागच्या चाकांची उरलीसुरली पकड जाते आणि पुन्हा दाबल्यावर तेच नाटक पहिल्यापासून सुरू होते. उजवा पाय एक चतुर्थांशाने वर घ्यावा, आवाज खाली उतरताच पुन्हा हळूहळू दाबत जावा. क्लच पुन्हा किंचित दाबून टायरवरील भार काढून घेणे हाही उपाय आहे. त्याला सराव लागतो, पण जमला की तो सर्वांत जलद ठरतो. आणि चाके दुसऱ्या गिअरपर्यंत फिरतच राहिली, तर ती फेरी गेली असे समजून पुढच्या फेरीला ५०० आरपीएम कमी करावेत.

निघताच इंजिन मान टाकते, काय चुकते?

टायरने पकड धरली आणि क्लच लवकर जुळला, म्हणून इंजिनला खाली यावे लागले. येथे बहुतेक जण निघण्याचे आरपीएम वाढवतात आणि मग चाके फिरू लागतात. पुन्हा कमी करतात, पुन्हा मान. या झोपाळ्यावर मी स्वतः एक अख्खा हंगाम काढला आहे. आरपीएम बरोबर होते, क्लच लवकर सुटत होता. आधी तो जास्त वेळ घसरवून पाहावे, आणि तरीही इंजिन कोसळत असेल तरच आकडा वाढवावा. उजवा पाय उशिरा खाली जाणे हेही एक कारण असते. गाडी हलल्यावर एक्सलरेटर द्यायचा, ही रस्त्यावरची सवय येथे नडते.

मागचा भाग थडथडू लागतो. असेच चालू ठेवावे का?

नाही, त्याच क्षणी पाय वर घ्यावा. टायर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो आणि सस्पेन्शनचे रबरी बुश दर वेळी स्प्रिंगप्रमाणे पिळून उलटे सुटतात. चाके सेकंदाला अनेक वेळा उड्या मारतात. प्रत्येक पकडीला एक्सलवर हातोड्याचा घाव बसतो. एक्सल शाफ्ट, डिफरन्शिअल आणि सीव्ही जॉइंट तुटण्याच्या घटना सरळ ताकदीपेक्षा या थडथडीतून अधिक घडतात. माझा एक शाफ्ट अशाच एका फेरीत, ‘आता थांबेल’ या आशेवर अर्धा सेकंद पाय तसाच ठेवल्याने गेला. जीर्ण बुश आणि इंजिन माउंट बदलणे, टायरमधील हवा थोडी कमी-जास्त करणे आणि क्लच अधिक मऊपणे सोडणे हे उपाय. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत इंजिन माउंट हाच बहुधा गुन्हेगार निघतो.

कोणती चाके ओढतात त्यानुसार पद्धत बदलते का?

बदलते, आणि त्याचे कारण वजनाची सरकण आहे. १,४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर, पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्मे त्वरण, असा हिशेब केला तर सुमारे १३५ किलो भार पुढून मागे जातो. मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीला हे वरदान आहे. जोर लावाल तशी पकड वाढते. म्हणून तिला सुरुवातीला क्षणभर मऊपणे मागे बसू द्यावे आणि मग भार द्यावा.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत उलटे घडते. जोर लावाल तशी पकड पळून जाते, म्हणून निघतानाचा पहिला झटका जितका कमी तितके चांगले, आणि संपूर्ण पहिल्या गिअरमध्ये उजव्या पायाने हात राखूनच द्यावे लागते. डिफरन्शिअल साधे असेल तर एकच चाक फिरत राहते आणि स्टिअरिंग हातात ओढले जाते. ते घट्ट पण न झगडता धरावे. गाडीत मागे सामान ठेवून वजन ‘संतुलित’ करण्याचा सल्ला येथे कोणी दिला, तर तो मानू नये.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत टायर सहसा घसरत नाही. याचा अर्थ तीन वाटांपैकी एक बंद झाली. उरले क्लच आणि इंजिन. म्हणून तिला चढे आरपीएम लागतात, आणि म्हणूनच अशा गाड्यांचे क्लच आणि गिअरबॉक्स इतरांपेक्षा लवकर दगा देतात. अशा गाडीत क्लच एकदम सोडणे म्हणजे सगळा धक्का गिअरच्या दातांवर सोडणे.

टायरमधील हवा किती असावी? बर्नआउट करावा का?

ओढणाऱ्या चाकांतील हवा थोडी कमी केल्याने टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि बाजूच्या भिंती धक्का गिळतात. साध्या टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-सहा पीएसआयने कमी करून पाहावे. फार कमी केली तर टायरचा मधला भाग उचलला जातो, पकड घटते आणि शेवटच्या वेगाला गाडी डोलू लागते. ड्रॅग रेडिअल, म्हणजे ड्रॅगसाठीचे मऊ टायर, साधारण १६ ते २० पीएसआयवर चांगले चालतात. न ओढणाऱ्या चाकांत मात्र हवा पूर्ण ठेवावी, म्हणजे ती सहज फिरतात. मोजणी नेहमी एकाच स्थितीत, थंड किंवा गरम, करावी. नाहीतर वहीतील आकड्यांना अर्थ राहत नाही. परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

बर्नआउट म्हणजे लॉन्चपूर्वी चाके जागीच फिरवून टायर तापवणे. त्याचा हेतू धूर हा नाही. मऊ ड्रॅग टायर तापल्यावर चिकट होतो, म्हणून त्याला तो लागतो. साध्या टायरला फक्त चिकटलेली खडी आणि धूळ झटकण्यापुरते क्षणभर चाक फिरवणे पुरते. त्याहून जास्त तापवले तर तो उलट निसरडा होतो. साध्या, नक्षीच्या टायरने बर्नआउटसाठी केलेल्या पाण्याच्या डबक्याला वळसा घालून यावे. खाचांत साठलेले पाणी रेषेपर्यंत सोबत येते आणि तुमच्याबरोबर तुमच्या मागच्याचाही लॉन्च बिघडवते. चारही चाकांच्या गाडीने बर्नआउटच्या फंदात पडू नये.

ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवावे का?

बंद करावे. ते चाक फिरताना पाहून इंजिनची ताकद तोडते आणि ती परत द्यायला उशीर करते. पाऊस शिंतडत असेल तर मुळात स्ट्रिपच बंद असते.

टर्बो इंजिन आणि टू-स्टेप यांचे काय?

टर्बो इंजिनाला रिकाम्या रेसवर बूस्ट जवळजवळ मिळत नाही, कारण भार नसताना बाहेर पडणारा धूर टर्बाइनला पुरेसे ढकलत नाही. त्यामुळे गाडी निघताना मंद आणि दहा मीटरवर एकाएकी पिसाळलेली, असा अनुभव येतो. निघताना पकडलेली चाके तेथे सुटतात. टू-स्टेप लिमिटर निवडलेल्या आरपीएमला इंजिन रोखून धरतो, आणि प्रज्वलन उशिरा करणारी रचना सोबत असेल तर उभ्या गाडीतही बूस्ट तयार होतो. काटा स्थिर धरण्याचे काम त्याच्यावर सोपवता येते, हा मोठा फायदा आहे. पण तो डाव्या पायाचे काम करत नाही. कंपनीकडून आलेले लॉन्च कंट्रोलही मॅन्युअल गाडीत बहुधा आरपीएम धरण्यापलीकडे जात नाही. क्लच शेवटी तुम्हालाच सोडायचा असतो.

क्लचचे किती नुकसान होते?

आरपीएम स्थिर धरून क्लच घसरवत गाडी काढली, तर क्लच जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. १,४०० किलोची गाडी ताशी २५ किलोमीटरपर्यंत नेताना ही उष्णता सुमारे ३५ किलोज्यूल भरते. शंभर मिलिलिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला यापेक्षा थोडी कमीच लागते, आणि येथे ती सेकंदाभरात फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्लचप्लेट जिच्यावर पकडते त्या इंजिनच्या चकतीच्या, पातळशा थरात शिरते. ही उष्णता आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३,००० ऐवजी ५,००० वर तशाच रीतीने निघालात तर ती पावणेतीन पट होते. २५०-२५० ने वर जावे, असे आधी म्हटले त्याचे हेही एक कारण.

एक-दोन स्वच्छ लॉन्चमुळे निरोगी क्लचला काही होत नाही. पाठोपाठ पाच-सहा केले, तर उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि प्लेटचे अस्तर चकाकू लागते. जळका, कडवट वास आला की पुढची फेरी सोडून द्यावी आणि क्लच न दाबता, मोकळ्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा. वेगात असताना, वरच्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबल्यावर काटा वर जातो पण वेग वाढत नाही, असे झाले तर दुरुस्तीची वेळ आली आहे. ड्युअल-मास, म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे, फ्लायव्हील असलेल्या गाड्यांत झटक्याने सोडलेला क्लच त्या फ्लायव्हीलमधील स्प्रिंगांना मारक ठरतो, आणि ते बदलण्याचा खर्च क्लचप्लेटपेक्षा बराच मोठा असतो.

पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना वेळ फार जातो. एक्सलरेटर न सोडता गिअर टाकावा का?

साध्या गाडीत नको. पूर्ण रेसवर टाकलेला गिअर सिंक्रोनायझर (गिअरचे वेग जुळवणारा भाग) खातो, आणि क्लच तळापर्यंत गेला नसेल तर दातही. वाचणारा वेळ गिअरमागे एखादा दशांश असतो. एक्सलरेटर क्षणभर सोडून, हात आणि पाय एकाच वेळी हलवून, काठी ओढून न तोडता सरळ खाली आणणे पुरेसे जलद होते. उदाहरणातील गाडी ७,००० आरपीएमवर पहिल्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे ६० फुटांची खूण ओलांडल्यावर थोड्याच वेळात गिअर बदलावा लागतो. हात लॉन्चपूर्वीच काठीवर ठेवावा, की ती शोधण्यात वेळ जात नाही.

रस्त्यावर सराव करता येईल का?

सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नाही. पकडीची जागा ओळखण्याचा सराव मात्र कोणत्याही सपाट, मोकळ्या खासगी जागेत एक्सलरेटरला हात न लावता करता येतो. फक्त डाव्या पायाने गाडी हलवायची आणि थांबवायची, वीस-पंचवीस वेळा. याने टायरला काही होत नाही आणि पायाला जे समजते ते स्ट्रिपवर रांगेत उभे राहून समजत नाही. सुरक्षेची सामग्री आधीच पाहून ठेवावी. अमेरिकेतील एनएचआरए संस्थेच्या नियमांनुसार पाव मैलाला १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद जाणाऱ्या गाडीच्या चालकाला हेल्मेट सक्तीचे आहे. इतरांनीही ते घालावे.

टाइमस्लिप पाहून पुढच्या फेरीत काय बदलावे, हे कसे ठरवावे?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हे सगळेच सांगतात आणि फार थोडे पाळतात. वहीत प्रत्येक फेरीसमोर निघण्याचे आरपीएम, टायरमधील हवा, ६० फुटांची वेळ आणि गाडीने काय केले, हे तिच्याच शब्दांत लिहावे: ‘किंचाळली’, ‘मान टाकली’, ‘गुरगुरत निघाली’. नुसता आकडा अर्धेच सांगतो. समजा ३,००० वर २.४५ आले आणि चाके फिरली, तर २,७५० करावे. वेळ २.३८ झाली आणि गुरगुर ऐकू आली, तर आरपीएमला हात न लावता पुढच्या दोन फेऱ्या तशाच कराव्यात. आकडा दोन्ही वेळा दोन-तीन शतांशांच्या आत आला, तरच ती सुधारणा आहे. अन्यथा तो योगायोग होता.

६० फुटांची वेळ सुधारली पण ३३० फुटांची तेवढीच राहिली, असे दिसले तर लॉन्च उत्तम झाला आणि पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना तो वाया गेला, असे समजावे. दुपारच्या उन्हात पृष्ठभाग बदलतो आणि संध्याकाळी थंड झाल्यावर पुन्हा बदलतो, म्हणून सकाळचा आकडा संध्याकाळी जसाच्या तसा चालेल असे धरू नये. माझ्या वहीत प्रत्येक दिवसाच्या पहिल्या फेरीपुढे फक्त ‘अंदाज’ एवढेच लिहिलेले असते.